हरबऱ्याचा हिरवा

“हा मोर कोनं टांगला वं इथं?” बाबांनी विचारलं, आणि माझ्या हातातला फॉलचा गठ्ठा सुटून खाली पडला. दुकानात मोर नव्हता. वाशीमच्या पाटणी चौकातलं माझं मॅचिंग सेंटर म्हणजे दोन हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील एवढी जागा. त्यात ब्लाउजपीसचे थान, अस्तर, फॉल, रिळं आणि गल्ल्यामागे मी. मोर आलाच असता तर पिसारा फुलवायला त्याला बाहेर रस्त्यावर जावं लागलं असतं. बाबा वर बघत होते. माझ्या डोक्यावर, पंख्याच्या वाऱ्यानं, दोऱ्याला टांगलेलं विमान मंद फिरत होतं. वीतभर लांबीचं, प्लास्टिकचं, मी जोडलेलं, मी रंगवलेलं, आणि बाबांच्याच सांगण्यावरून गेली कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा रंगवलेलं. डॉक्टरांनी त्या दिवशी सकाळीच बाबांच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली होती. मोतीबिंदू निघाला होता. डाव्या डोळ्याचा नंबर पुढच्या महिन्यात. काळा चष्मा घालून दिला होता आणि तो काढायचा नाही म्हणून बजावलं होतं. तो चष्मा आता बाबांच्या कपाळावर होता. “बाबा, मोर नाही तो. तुमचं इमान हाय ते,” मी म्हणाले. “माह्यं?” बाबा स्टुलावरून उठले. “माह्यं इमान असं रामा कलरचं? कोन्या येड्यानं रंगवलं?”

रामा कलर हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचललेला. निळा आणि हिरवा एकमेकांत शिरले की आमच्या धंद्यात त्याला रामा म्हणतात, आणि लग्नसराईत त्याचे थानच्या थान जातात. विमान खरंच रामा कलरचं होतं. येणाऱ्या बायका वर बघून हसायच्या, एकीनं तर त्याच रंगाचा पीस मागितला होता. मला हसायला यायला हवं होतं किंवा राग तरी. कारण ते येडं मीच होते, आणि प्रत्येक वेळी “अजून निया घाल, अजून घाल” असं म्हणत निळा वाढवायला लावणारे समोर उभे होते. पण पडलेला गठ्ठा न उचलता मी नुसती बाबांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत या विमानाकडे बघून बाबांचा एकच निकाल असायचा, “पिवयं हाय.” पिवळं आहे. आज पहिल्यांदा ते दुसरं काही बोलले होते. गल्ल्याच्या पलीकडे भुरीबाई उभी होती. तांड्यावरची, ऊसतोडीवरून भाचीच्या लग्नापुरती आलेली, आणि मघापासून माझ्याशी हुज्जत घालणारी. तिला ब्लाउजपीस हवा होता आणि साडी तिनं आणलेली नव्हती. साडी आणल्याशिवाय मॅचिंग होत नाही हा माझ्या दुकानाचा पहिला नियम. ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही, उंबऱ्याबाहेर उन्हात नेऊन बघायचा, हा दुसरा. हे दोन नियम मी झोपेतसुद्धा बडबडते असं घरचे म्हणतात. “साडी कायले पायजे वं? रंग माह्या डोयात हाय,” भुरीबाईचं चाललं होतं. “डोयातला रंग बदलत राह्यते, बाई,” असं मी तिला म्हणाले होते, आणि हे वाक्य अजून हवेत होतं तोवर बाबांना मोर दिसला होता. मी माझंच वाक्य ऐकलं नाही. ते ऐकायला मला त्या दिवशीची एसटी पकडावी लागली.

बाबांनी, म्हणजे केनवडच्या जगदेवनं, विमानं रंगवली आहेत हे लहानपणी मला कळायचं नाही. बैलांची शिंगं रंगवतात, घर रंगवतात, पण विमान? भरतीला गेले ते अठराव्या वर्षी, हवाई दलात पेंटरच्या कामाला लागले, आणि एकाहत्तरच्या डिसेंबरात कुठल्याशा तळावर होते. कुठल्या ते अजून सांगत नाहीत. “ते सांगाले मनाई हाय,” म्हणतात. मनाई करणारे सगळे केव्हाच रिटायर होऊन नातवंडं खेळवत असतील, पण बाबांची मनाई ताजी आहे. तर तिथं मिग विमानं उभी होती चांदीसारखी लखलखीत, आणि हुकूम आला की संध्याकाळच्या आत सगळी झाकायची. झाकायची म्हणजे ताडपत्रीनं नाही, रंगानं. वरून दुसरं विमान आलं तर त्याला खाली नुसतं शेत दिसलं पाहिजे. रंगाच्या पिचकाऱ्या कमी पडल्या तेव्हा ज्याच्या हाती जे लागलं ते घेऊन माणसं पंखांवर चढली. सार्जंट येऊन म्हणाला, हरा चाहिए, चने के खेत जैसा. तळाच्या कुंपणापलीकडे चण्याची शेतं होती. सगळे बादल्या घेऊन कुंपणापर्यंत जाऊन शेत बघून आले. बाबा गेले नाहीत. चणा म्हणजे हरभरा, आणि हरभरा काय केनवडच्या पोरानं जाऊन बघायचा? “रंग माह्या डोयात होता,” असं ते आम्हांला ऐटीत सांगायचे. हँगरमधल्या दिव्याखाली, डोळे जवळजवळ मिटून, त्यांनी ड्रममध्ये आमच्या नाल्याकाठचा हरभरा कालवला. घाटे धरायच्या आधीचा, पानांवर आंब म्हणजे ते आंबट दव चढलेला, जरासा राखी झाक असलेला हिरवा. एक विमान अख्खं त्यांनी एकट्यानं रंगवलं. वर हिरवा, त्यावर वाळक्या पऱ्हाटीचा तपकिरी पट्टा, पोटाला पारवा. दिवस मावळताना एक पायलट आला, ओल्या पंखाला बोट लावून बघितलं, बोट रुमालाला पुसलं आणि ते विमान घेऊन दुसऱ्या कुठल्या तळावर निघून गेला. ते विमान बाबांना पुन्हा दिसलं नाही आणि त्याचं पुढं काय झालं तेही कधी कळलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट बाबा रंगवून सांगतात. त्यापुढची ते सांगत नाहीत, ती मला मायकडून कळली. माय म्हणजे पंचफुला, जी लग्न झाल्यापासून त्यांच्या शेजारी झोपते आहे आणि जिला माहीत आहे की हा माणूस झोपेतून उठून बसतो आणि विचारतो, “वरच्याले दिसलं असन का?” वरचा म्हणजे शत्रूचा पायलट. देव नव्हे. देवाशी बाबांचं फारसं येणंजाणं नाही. आपण कुंपणापर्यंत गेलो नाही, डोळ्यातल्या रंगावर विसंबलो, तो रंग शेताला लागला का नाही, हे त्यांना टोचत राहिलं होतं. विमान खालून बघणाऱ्याला फक्त त्याचं पारवं पोट दिसतं. रंग लावला तो वरून न दिसण्यासाठी, आणि वर जायला त्यांना कधी मिळालं नाही. मी मॅचिंगच्या धंद्यात पडले ती या गोष्टीमुळे असं मी लोकांना सांगते, पण ते खोटं आहे. भाड्यानं दुकान मिळालं आणि शेजारी साडीचं मोठं दुकान होतं म्हणून पडले. पण पडल्यावर मात्र मला कळायला लागलं की बाबा कशानं उठून बसतात. एखादीचा पीस साडीला एका शेडनं लागला नाही आणि तीच बाई लग्नात समोर आली तर मी खांबामागे लपते. आणि इथं तर विमानाच्या आत अख्खा माणूस बसला होता.

म्हणून ते खेळण्यातलं मिग मी मागवलं. मागवलं तेव्हा वाटलं होतं की एका रविवारचं काम आहे. तुकडे डिंकानं जोडायचे, रंग मारायचा, बाबांसमोर ठेवायचं, बाबा म्हणणार, हाच तो. मला एवढंच हवं होतं. पण या खेळाचंही एक जग असतं हे मला कुठं माहीत! पुण्या-बंगळूरची मोठमोठी माणसं, डॉक्टर, इंजिनिअर, एक जज्जसुद्धा, फोनवरच्या एका ग्रुपात दिवसरात्र भांडत असतात की त्या साली त्या विमानाचा हिरवा नेमका कुठला. कुणी नंबर सांगतो, कुणी जुना फोटो लावतो, दुसरा म्हणतो फोटोचा रंग उडाला आहे. शाईच्या दौतीपेक्षाही लहान बाटल्यांतून ते रंग येतात, बाटलीवर गडद हिरवा, ऑलिव्ह, जंगली अशी नावं आणि खाली आकडे. मी त्या ग्रुपात नवीन नवीन होते तेव्हा विचारलं होतं, हरभऱ्याचा हिरवा कुठल्या नंबरात मिळतो? जज्जसाहेबांनी हसण्याची चित्रं पाठवली होती. मग मी त्यांचा नाद सोडला आणि माझ्या धंद्याच्या रीतीनं गेले. केनवडहून हरभऱ्याची एक ओली डहाळी आणवली, गल्ल्यावर ठेवली, दोन बाटल्या थेंब थेंब एकमेकींत कालवल्या, थोडा पांढरा घातला, कारण लहान वस्तूवर रंग जरा जास्तच गडद दिसतो. उंबऱ्यावर उन्हात जाऊन पंख आणि डहाळी शेजारी शेजारी धरली. डहाळीचं पान पंखावर पडलं ते दिसेनासं झालं. मी रस्त्यावरच नाचले होते. समोरचा चहावाला अजून त्याची आठवण काढतो. आणि बाबांनी ते हातात घेतलं, दूर धरलं, जवळ आणलं, आणि म्हणाले, “पिवयं हाय.”

मग सुरू झालं ते संपेचना. मी निळ्याचा थेंब घातला, पिवयं हाय. दोन थेंब घातले, पिवयं हाय. बाबा जेव्हा जेव्हा वाशीमला यायचे, दवाखान्याला, बँकेला, तेव्हा आधी दुकानात येऊन वर बघायचे आणि मान हलवायचे. माझं मन एवढंसं व्हायचं आणि ते गेल्यावर मी पुन्हा बाटल्या काढायचे. राग बाबांवर निघायचा नाही, गिऱ्हाइकांवर निघायचा. थरावर थर चढत गेले. विमानाच्या पंखांवरच्या बारीक रेघा बुजल्या, त्याचं नाक बोथट झालं, आणि ते हळूहळू निळं होत गेलं. बाबांच्या आठवणीतला रंग मला सापडत नाही म्हणजे मला रंगच कळत नाहीत असं मी मनाशी धरून बसले होते. दिवसभर लोकांना शेड लावून देणारी मी संध्याकाळी शटर ओढताना वर बघायचेही नाही.

आणि आज मोर! मी भुरीबाईला म्हटलं, बाई, उद्या या, साडी घेऊन या, आता दुकान बंद. ऐन लग्नसराईत भरदुपारी मी शटर ओढलं. भुरीबाई बाहेर उभी राहून म्हणाली, “बाई, तुमच्या अंगात आलं का?” काहीतरी आलंच होतं. का जायचं आहे, केनवडला जाऊन काय करायचं आहे, काही ठरलं नव्हतं. बाबांना पोहोचवायला मी उद्या जाणार होते, ती आज निघाले एवढंच. विमान साडीच्या रिकाम्या खोक्यात कागदात गुंडाळून ठेवलं आणि आम्ही एसटीत बसलो. बाबांना खिडकी हवी होती. मी म्हटलं, “वारा लागते डोयाले.” तर म्हणाले, “काच लाव, पन खिडकी दे.” वाशीम मागं पडलं. डिसेंबरातलं ऊन, तूर उभी, मधेमधे गहू पोटरीला यायचा बाकी, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी हरभरा. बाबा लहान पोरासारखे काचेला नाक लावून बसले होते, चष्मा पुन्हा कपाळावर. मी दोनदा खाली ओढला, त्यांनी दोनदा वर चढवला. मग ते कुणाशी तरी बोलावं तसे काचेशी बोलले. “यंदाचा हरबरा लय दिवसानं जुन्यासारका आला.”

हे वाक्य मी ऐकलं आणि माझे कान तापले. कारण याच्या उलटं वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. आजकालचा हरबरा पिवया येते, ही बाबांची ठरलेली तक्रार. बियाणं बदललं, खतं मारून मारून जमिनीचा जीव गेला, हरबऱ्याला हरबऱ्याचा रंग राहिला नाही. ते कृषी सहायकाशी यावरून भांडलेले आहेत, दुकानदाराला बियाणं परत करायला गेलेले आहेत. आम्ही सगळे माना डोलवायचो, कारण म्हातारी माणसं असं म्हणतातच. “बाबा,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मला ओळखू येईना, “उजवा डोया झाका. डाव्यानं पाहा.” त्यांनी तळहात डोळ्यावर धरला. “आता?” बाहेर तेच शेत होतं, तोच उतार, तीच बुजगावण्याची फाटकी बंडी. “पिवयं,” बाबा म्हणाले. “आता डावा झाका.” त्यांनी हात बदलला. “हिरवं. जुनं.” पुन्हा हात बदलला. “पिवयं.” पुन्हा. “हिरवं. अवं जोसना, हे काय होय?” ते हात बदलत राहिले, हिरवं, पिवयं, हिरवं, पिवयं, आणि पुढच्या सीटवरची बाई वळून वळून बघायला लागली. मला तिला मिठी मारावीशी वाटली. मला ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगावंसं वाटलं. हरभरा पिवळा नव्हता, विमान पिवळं नव्हतं, मी चुकले नव्हते! मोतीबिंदूमुळे बाबांचा डोळाच माझ्या दुकानातली ट्यूबलाइट होऊन बसला होता. आणि मी काय केलं होतं? जी बाई गिऱ्हाइकाला उंबऱ्यावरून परत पाठवते साडी नाही म्हणून, तिनं स्वतःच्या बापाला इतकी वर्षं नुसता ब्लाउजपीस दाखवला होता. साडी केनवडला नाल्याकाठी दरवर्षी हिरवीगार उभी असायची. एकदा, फक्त एकदा मी ते विमान नेऊन हरभऱ्याच्या शेजारी धरलं असतं तर दोन्ही सारखीच पिवळी दिसली असती आणि बाबा म्हणाले असते, लागलं. मी मोठ्यानं हसले. “काहून हासून राह्यली?” बाबांनी विचारलं. “साडी आनली नाही ना मी, बाबा,” मी म्हणाले. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि मला काळजीनं न्याहाळलं.

म्हणजे पहिला थर बरोबर होता. ही गोष्ट मला केनवडचा फाटा दिसायच्या आत कळली आणि मग मला बसवेना. पहिला थर, डहाळीशी लावलेला, ज्याच्यासाठी मी रस्त्यावर नाचले होते, तो कुठंही गेलेला नव्हता. तो खोक्यात माझ्या मांडीवर होता, बाकीच्या सगळ्या थरांच्या खाली. नवा रंग कालवता आला असता, ते सोपं होतं. पण मला तोच हवा होता, नाकारलेला. घरी पोहोचल्यावर चहा घ्यायच्या आधी मी बारीक पॉलिशपेपर मागवला, मायच्या अंगणात पाण्याची वाटी घेऊन बसले आणि घासायला लागले. माय म्हणाली, “आल्या आल्या कायले भांडे घासाले बसली?” रामा निघाला. त्याखाली जरा कमी रामा. मग गडद बाटली-हिरवा, ज्यात एका वर्षी मी चिडून काळाही घातला होता. प्रत्येक थर निघताना मला ते वर्ष आठवत होतं, बाबांनी मान हलवलेली दुपार आठवत होती, आणि आज त्यातलं काहीही दुखत नव्हतं. भीती एकच होती. पहिला थर पातळ होता. जरा जोर पडला की त्याच्याखालचं करडं प्लास्टिक उघडं पडणार आणि मग काही उरणार नाही. माझी बोटं सुरकुतली. मी श्वास धरून घासत होते. आणि उजव्या पंखाच्या मुळाशी, आधी टिकलीएवढा, मग रुपयाएवढा, तो उगवला. राखी झाक असलेला, आंब चढलेला. मी त्याला नखानं हातसुद्धा लावला नाही.

सगळीकडे तो सारखा निघाला नाही. कुठं रामाची बेटं राहिली, कुठं काळसर पट्टे, दोन जागी प्लास्टिक दिसलंच. ग्रुपातल्या जज्जसाहेबांनी असलं विमान पाहून डोळे मिटून घेतले असते. ऊन कलायच्या आत मी ते बाबांच्या हातात ठेवलं. बाबांनी डावा डोळा झाकला. विमान दूर धरलं, जवळ आणलं, पंख उन्हाकडे वळवला. “असंच होतं,” ते म्हणाले. “असंच डागाडागाचं. कधी हाती बुरूश, कधी झाडू.” मग अंगठ्यानं पंखाच्या मुळाशी हलकेच चोळलं, त्या पायलटनं बोट लावलं होतं तसं. “हाच,” ते म्हणाले. “हाच वं पोरी माह्या रंग.” मी जिच्यासाठी इतकी वर्षं झुरले ती एवढीशी गोष्ट अशी अंगणात, मायच्या कोंबड्यांच्या देखत मिळाली. मला रडू आलं, आनंदाचं, नाक वाहणारं, आणि मी ते ओढणीला पुसत होते तोच बाबांचा चेहरा उतरला. ते कुंपणाकडे बघत होते. आमच्या घराच्या मागं नालीपलीकडे आमचाच हरभरा आहे. “रंग तर हाच,” ते म्हणाले, “पन वरच्याले दिसलं असन का?”

उशीर कसला करायचा? बाबांना शेतात जायला डॉक्टरांची मनाई, धूळ-धुराची. पण स्लॅबवर जायला नव्हती, आणि आमच्या स्लॅबवरून मागचं सगळं शेत खाली पसरलेलं दिसतं. मी त्यांना जिन्यानं वर नेलं, कठड्याशी उभं केलं, तोंड रस्त्याकडे करून. “मी आवाज देईन तवा वळा. लबाडी नाही करायची.” “मी लबाडी करन? हवाई दलातला मानूस मी!” असं म्हणताना ते एक डोळा मागं फिरवतच होते. मी खाली उतरले, नाली ओलांडली आणि हरभऱ्यात शिरले. पायांना आंब चरचरली. दोन पावलांवर मी थांबले. कारण आता हा खेळ राहिला नव्हता. ते दिसलं तर? रंग तर हाच, असं ते आताच म्हणून बसले होते. हाच रंग शेतात उठून दिसला तर झोपेतून उठून बसणाऱ्या माणसाला मीच उत्तर दिल्यासारखं होणार होतं, आणि ते उत्तर परत घेता येणार नव्हतं. क्षणभर मला वाटलं, विमान ओढणीखाली लपवावं आणि ठेवलं म्हणावं. नाही. साडी आणायची आणि उन्हातच बघायचं. मी दोन ओळींच्या मधे वाकले, झाडांवर ते अलगद टेकवलं, पोट खाली, पाठ वर, आणि मागं न बघता पळत जिना चढले. “वळा,” मी म्हणाले.

बाबा वळले. चष्मा कपाळावर गेला, डाव्या डोळ्यावर तळहात आला. ऊन तिरपं, स्वच्छ होतं. “ठेवलं?” “ठेवलं.” “कुठी?” “तुमी सांगा.” त्यांची नजर बांधापासून सुरू झाली आणि पाणी द्यावं तशी एकेक ओळ भिजवत पुढं सरकली. “ते पांढरं?” “ते मायचं फडकं, आंब धरायले टाकेल हाय.” “ते कायं हललं?” “कावळा.” त्यांना कावळा दिसत होता. बोरीच्या झाडाखाली विसरलेलं खुरपं दिसलं, दूरवर कुणाची तरी पाण्याची बाटली दिसली. नवा डोळा सगळं टिपत होता. मी त्यांच्याकडे बघत होते, शेताकडे बघायची माझी हिंमत नव्हती. नजर शेवटच्या ओळीला पोहोचली, परत फिरली, पुन्हा पहिल्यापासून निघाली. त्यांची मान पुढं गेली. कठड्यावरची बोटं पांढरी पडली. मग ती सुटली. “नाही दिसत,” ते हळूच म्हणाले. आणि मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि अख्ख्या केनवडला ऐकू जाईल असे ओरडले, “मले दिसत नाही! जोसना, नाही दिसत! मले दिसूनच नाही राह्यलं!”

खाली परात पडल्याचा आवाज झाला. “आई वं! डोया गेला!” माय कणकेच्या हातांनी जिना चढत आली, तिच्यामागे शेजारची बेबीताई, बेबीताईच्या मागे आणखी कोणी. माय येऊन बाबांच्या तोंडासमोर चार बोटं नाचवायला लागली. “किती हायत? सांगा! किती हायत?” बाबा हसत होते, टाळ्या पिटत होते, त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून, नव्या आणि जुन्या, पाणी वाहत होतं. “दिसत नाही वं पंचफुला! आजिबात दिसत नाही!” “मंग हासता काहून?” माय रडकुंडीला आली. मी तिला धरलं, खाली शेताकडे बोट केलं, सांगायचा प्रयत्न केला, पण मलाही हसू आवरत नव्हतं आणि वाक्य काही पुरं होत नव्हतं. बाबा शांत झाले ते हळूहळू. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसायला घेतलं, मी डोळ्याला लावू दिलं नाही. “मंग त्याले बी नसन दिसलं,” ते म्हणाले. “कोनाले?” मायनं विचारलं. “वरच्याले.” मायनं कणकेचे हात आभाळाकडे जोडले. “असं बोलू नोका. वरच्याले समदं दिसते.” “नाही दिसत,” बाबा ठणकावून म्हणाले. “हरबऱ्यात नाही दिसत.”

ऊन उतरायला लागलं तशी मी विमान आणायला खाली गेले. ठेवलं होतं ती जागा मला पक्की माहीत होती, बोरीच्या सरळ रेषेत, बांधापासून थोडं आत. तिथं नुसता हरभरा होता. शेजारची ओळ बघितली, तिच्या शेजारची बघितली. वाकून वाकून झाडं बाजूला सारली, बोटांना इतकी आंब लागली की जीभ लावली तर ती आंबट लागायला लागली. वर स्लॅबवर बाबा कठड्याला रेलून उभे होते, चष्मा आता शहाण्यासारखा डोळ्यांवर, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना माय आणि बेबीताई. “सापडलं का वं?” ते ओरडले. “नाही,” मी ओरडले. आणि बाबांनी वरून पुन्हा टाळी वाजवली.